छबूबाईंचा केसाळ हत्ती

छबूबाई बोलत नाहीत, ही बातमी जामखेडच्या बाजारात पोचली तेव्हा निम्म्या लोकांनी ती खोटी ठरवली आणि उरलेल्यांनी विचारलं, "कुणाशी भांडल्या?" त्यांचंही चूक नव्हतं. ज्या बाईने तीस-बत्तीस वर्षं जत्रांमधून भोंग्यावर गाव गोळा केलं, जिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की पाळणेवालेसुद्धा आपली गाणी बंद करायचे, ती बाई गळ्यात दोरीने पाटी अडकवून फिरते आणि कोथिंबिरीचा भाव पेन्सिलीने लिहून विचारते, यावर विश्वास कोण ठेवणार!

खरं काय ते नगरच्या घशाच्या डॉक्टरांना माहीत होतं. स्वरयंत्रावर गाठ होती. ती काढली, साधी निघाली, जिवावरचं शेपटावर निभावलं. पण डॉक्टर म्हणाले, "तीन महिने एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नंतर आवाज येईल, पण घरातल्या घरात पुरेल एवढाच. माईकवर दोन-दोन तास ओरडणं आता विसरा."

छबूबाईंनी पाटीवर लिहिलं, 'मग पिक्चर कोण बोलणार?'

डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. पिक्चर आपला आपण बोलतो, असं त्या बिचाऱ्यांना वाटत होतं.

छबूबाई मूळच्या श्रीगोंद्याकडच्या. वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, घर उसाच्या फडांच्या मधोमध. उसात माणूस दिसत नाही, हाक मारूनच शोधावा लागतो, म्हणून त्या घरात सगळ्यांचेच गळे मोठे, आणि छबूचा सगळ्यांत मोठा. लग्न झालं आणि त्या उसाच्या गावातून जामखेडच्या कुसळांत येऊन पडल्या. नवरा बजरंग. माणूस इतका अबोल की लग्नात उखाणा घ्यायला लावला तर त्याला घाम फुटला. पण पिक्चरचं वेड जबर. त्याने फिरत्या सिनेमाचा तंबू घेतला. दिवाळी झाली की टेम्पोत तंबू, पडदा आणि यंत्र भरायचं आणि या गावची जत्रा, त्या गावची जत्रा करत अक्षय तृतीयेपर्यंत हिंडायचं. नवरा यंत्रापाशी आणि बायको तिकिटाच्या खिडकीत, भोंग्याचा माईक हातात. "या या, माय-माउल्यांनो, पोरंबाळं घेऊन या! खाली गवत टाकलंय, धोतर झटकायचं काम न्हाई!" ज्याला अजिबात पिक्चर बघायचा नव्हता तोही या आमंत्रणाने आत यायचा.

तिसरा माणूस म्हणजे जनरेटरचे मिस्त्री नियाजभाई. हे भिंगारचे. लष्कराच्या छावणीत जनरेटर दुरुस्त करणाऱ्या बापाच्या हाताखाली शिकलेले, हात सोन्याचे आणि तोंड कायम कडू कारलं खाल्ल्यासारखं. बजरंगरावांनी त्यांना कामावर घेतलं त्या दिवसापासून त्यांचं आणि छबूबाईंचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. छबूबाईंना प्रत्येक गोष्ट बोलून करायची सवय, नियाजभाईंना न बोलता. छबूबाईंनी जनरेटरला हात लावलेला त्यांना चालायचा नाही. आणि पहिल्या वर्षी छबूबाईंनी त्यांच्या चहाचा कप वेगळा ठेवला होता. ही गोष्ट छबूबाई स्वतःच सांगायच्या, कधी लपवली नाही. "लाज वाटती," म्हणायच्या, "पर सांगितली न्हाई तर जास्ती लाज वाटंल." त्या कपाबद्दल नियाजभाई कधी काही बोलले नाहीत. वर्षभर त्याच कपातून चहा प्याले, आणि पुढच्या हंगामात छबूबाईंनी तो कप मुद्दाम टेम्पोतून खाली टाकून फोडला.

आता केसाळ हत्तीकडे यायला हवं, कारण छबूबाईंचं नाव झालं ते त्याच्यामुळे.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. टीव्ही घरोघर होता, मोबाईल हातोहात यायला लागले होते, तंबूत माणसापेक्षा गवत जास्त अशी गत. बजरंगरावांनी नगरच्या एका वितरकाकडून लहान मुलांचा कार्टून पिक्चर आणला. माणूस अजून पुरता माणूस झाला नव्हता त्या काळातली जनावरं, सगळीकडे बर्फ, अंगभर केस असलेले हत्ती. निदान पोरं तरी येतील, असा हिशोब. भैरोबाच्या वाडीची जत्रा होती. पोरं आलीच, पोरांबरोबर आया आल्या, आयांबरोबर म्हाताऱ्या. तंबू कैक वर्षांनी भरला. दिवे मालवले, पडद्यावर हत्तीचं केसाळ पिल्लू आलं, त्याने सोंड वर केली आणि ते फाडफाड इंग्रजी बोलायला लागलं.

वितरकाने हिंदीऐवजी इंग्रजी रीळ दिलं होतं. आधी शिट्ट्या झाल्या. मग "पैसं परत द्या" सुरू झालं. मग एक चप्पल पडद्यावर येऊन आदळली. बजरंगराव यंत्राला टेकून उभे राहिले, त्यांच्या तोंडून नेहमीप्रमाणे शब्द फुटेना. तेव्हा छबूबाई खिडकीतला माईक वायरीसकट ओढत आत आल्या, पिक्चरचा आवाज बारीक केला आणि गरजल्या, "गप बसा रं! हत्ती काय म्हंतोय त्ये मी सांगते!"

त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि पिक्चरही त्यांनी आधी पाहिलेला नव्हता. पडद्यावरच्या जनावरांची तोंडं बघून त्या बोलत गेल्या. कळपातून चुकलेल्या पिल्लाचं नाव त्यांनी जागच्या जागी भिमा ठेवलं. त्याच्या मागं मागं एक म्हातारी तरस फिरत होती, एक दात तुटलेली, पोट खपाटीला गेलेली. तिला त्यांनी तानी केलं. तरस म्हणजे आपल्याकडे कुणालाच न आवडणारं जनावर. तानी भिमाच्या मागावर असते ती एवढ्याचसाठी, की हे पिल्लू आज ना उद्या थंडीने मरेल आणि आपली चार दिवसांची सोय होईल. पिल्लू काही मरत नाही. उलट त्याला वाटतं, ही आपली सोबत करतेय. मग हळूहळू ती खरंच सोबत करायला लागते. वाट दाखवते, वाऱ्याच्या बाजूने चालते, लांडगे आले तर दात विचकते, आणि पूर्ण पिक्चरभर उपाशी राहते. छबूबाईंची तानी जामखेडच्या बोलीत शिव्या घालायची आणि भिमा शाळेतल्या पोरासारखं सारखं "का?" विचारायचा. लोक आधी हसले, मग कधी पुढं सरकून बसले ते त्यांनाही कळलं नाही.

ज्यांनी तो पिक्चर केला त्यांनी ही गोष्ट ऐकली असती तर आपलाच पिक्चर त्यांना ओळखू आला नसता. पुढच्या वर्षी वितरकाने चूक सुधारून हिंदी प्रत दिली. ती वाडीत पाच मिनिटं चालली. "ही कोन बोलती? आमची छबूबाई लावा!" असा गिल्ला झाला. तेव्हापासून दरवर्षी, प्रत्येक जत्रेत, दुसरं काहीही दाखवा, एक खेळ केसाळ हत्तीचा हवाच. रिळं गेली, पेन ड्राईव्ह आला. तंबू फाटला, उघड्यावर पडदा आला. बजरंगराव गेले, त्यालाही बारा वर्षं झाली. लोकांना वाटलं, बाई आता टेम्पो विकून घरी बसणार. छबूबाई काही बसल्या नाहीत, आणि नियाजभाईही भिंगारहून येत राहिले. दोघं भांडत भांडत निम्मा जिल्हा हिंडले.

आणि आता हे असं झालं होतं.

चैत्रात भैरोबाच्या वाडीची जत्रा. जत्रा कमिटीचे अध्यक्ष गोरक्षनाथ, म्हणजे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि खिशाला दोन पेनं, स्वतः घरी आले. पाटी बघून हळहळले, खरंच हळहळले. मग चहा संपल्यावर मुद्द्यावर आले. "काकू, वाईट वाटून घेऊ नका. पर तुमचा आवाज न्हाई तर पिच्चरला कोन बसंल? पोरं म्हंत्यात आर्केस्ट्रा आना. ह्या वर्साला तेवढा तुमचा खेळ ऱ्हाऊ द्या."

छबूबाईंनी पाटी पुढं ओढली आणि पदराने ती पुसत राहिल्या. ह्या वर्षी राहू द्या, म्हणजे पुढच्या वर्षीही राहू द्या. माईकवरचा आवाज परत यायचा नव्हताच. एका वाडीने आर्केस्ट्रा आणला की बाकीची गावं आणणार. मग पडद्याची घडी, यंत्राला प्लास्टिक, आणि भिमा आणि तानी त्या पेन ड्राईव्हमध्ये कायमची मुकी. लोक गाठीच्या वेळी म्हणत होते, जीव वाचला हे काय थोडं आहे? थोडं नव्हतंच, त्याबद्दल त्या रोज देवापुढे हात जोडत होत्या. पण वाचलेल्या जिवाने दिवसभर करायचं काय, हे विचारायचं कुणाला?

दारात बसून स्पॅनर पुसणारे नियाजभाई तेवढ्यात म्हणाले, "खेळ होणार. मी बोलतो."

गोरक्षनाथ हसले. छबूबाईंनी डोळे मोठे केले. जो माणूस दिवसाला मोजून वीस शब्द खर्च करतो, तो दोन तास तरस आणि हत्ती बोलणार?

"चौदा साल झाले," नियाजभाई म्हणाले. "प्रत्येक खेळाला हजर आहे मी. मला काय माहीत नाही?"

छबूबाईंनी पाटीवर लिहिलं, 'एकदा बोलून दाखवा.'

"त्याची काही गरज नाही, भाभी," ते म्हणाले आणि पुन्हा स्पॅनर पुसायला लागले. बोलून दाखवायला त्यांना लाज वाटत होती, हे उघड होतं, म्हणून छबूबाईंनी ताणून धरलं नाही. गोरक्षनाथांनी एक खेळ कबूल केला. "पर रंगला न्हाई तर अर्ध्या तासात आर्केस्ट्रा चालू करनार," असं बजावूनच ते उठले.

जत्रेच्या दिवशी छबूबाईंनी सकाळपासून अन्नाला हात लावला नाही. पोळ्या समोर आल्या, त्या त्यांनी तशाच झाकून ठेवल्या. दिवस मावळला तसा शाळेच्या मैदानात पडदा बांधून झाला. लोक तर आले होते, अगदी मैदान भरून. काही पिक्चरला, बरेच मिस्त्रीची फजिती बघायला. पलीकडे आर्केस्ट्रावाले आपले ढोल तापवत बसले होते.

मग एक अडचण पुढं आली. नियाजभाई माईकवर, तर जनरेटरपाशी कोण? जत्रेत लाईटचा भरवसा नसतो, म्हणून यंत्र जनरेटरवर चालायचं, आणि तो जनरेटर इतका म्हातारा झाला होता की त्याला एकटं सोडून चालत नसे. कुणीतरी शेजारी बसून हातात दांडी धरायची आणि समोर टांगलेल्या बल्बवर नजर ठेवायची. बल्ब पिवळा पडला तर दांडी जरा ओढायची, फार पांढरा झाला तर सोडायची. नाही तर यंत्राचा दिवा उडालाच म्हणून समजा. छबूबाईंनी स्वतःकडे बोट केलं. नियाजभाईंनी जरा विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात ती दांडी दिली.

जनरेटर देवळाच्या भिंतीआड होता, मैदानापासून लांब, त्याचा आवाज खेळात येऊ नये म्हणून. छबूबाई तिथल्या खोक्यावर बसल्या. इंजिन असं भडभडत होतं की बसलेलं खोकंसुद्धा हलत होतं. भिंतीच्या कडेवरून पडद्याची एक बाजू दिसत होती आणि लोकांच्या पाठी. पिक्चर सुरू झाला. भिमा आला, त्याने सोंड वर केली. छबूबाईंनी कान दिला. मिस्त्री काय बोलतात ते ऐकावं म्हणून मान वाकडी केली, पदर कानामागं सारला. काहीही ऐकू येईना. भोंगा नाही, लोक नाहीत, काही नाही. फक्त इंजिन.

आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मिस्त्री चौदा वर्षं इथं बसले होते. प्रत्येक खेळाला हजर होते, खरंच होते. लोक हत्ती बघत होते तेव्हा ते हा बल्ब बघत होते. त्यांनी भिमाचा एक शब्द ऐकलेला नव्हता. तानी कोण, तिचं नाव काय, ती कशासाठी मागं लागली, शेवटी काय होतं, या माणसाला कशाचा म्हणजे कशाचा पत्ता नव्हता. आणि आपल्याला काही माहीत नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं. पडद्याची एक बाजू बघून त्यांनी मनाशी काहीतरी गोष्ट रचली असेल आणि हीच ती, असं धरून चालले असतील. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

छबूबाईंना ओरडावंसं वाटलं, पण ओरडता येत नव्हतं. उठावंसं वाटलं, तर दांडी सोडता येत नव्हती. तेवढ्यात समोरच्या पाठी हलायला लागल्या. एक बाई उठून उभी राहिली, तिने पडद्याकडे हात केला. मग दोन पोरं उठली. मग अर्धं मैदान उभं राहिलं, सगळ्यांचे हात नियाजभाईंच्या दिशेने. छबूबाईंना ती पहिल्या दिवशीची चप्पल आठवली. संपलं, त्यांनी मनात म्हटलं. आणि आपल्यापायी त्या भल्या माणसाची चारचौघांत शोभा झाली.

गोरक्षनाथ लगबगीने देवळाकडून मैदानाकडे निघाले होते, बहुतेक आर्केस्ट्रावाल्यांना खूण करायला. छबूबाईंनी त्यांचा दंड पकडला, त्यांना खोक्यावर बसवलं, दांडी त्यांच्या हातात कोंबली, बल्बकडे बोट दाखवलं आणि पाटीवर लिहिलं, 'हलू नका. दिवा उडेल.' अध्यक्ष इस्त्रीच्या कपड्यांनिशी तिथं अडकले. छबूबाई पदर खोचून पळत सुटल्या.

जवळ पोचल्या तेव्हा पहिला आवाज कानावर आला तो लंकाबाईंचा. लंकाबाई म्हणजे वाडीतली शेंगा विकणारी, चौदा वर्षं पहिल्या रांगेत बसणारी.

"आवो मिस्तरी, कुत्रं न्हाई त्ये!" लंकाबाई कमरेवर हात देऊन ओरडत होत्या. "तरस हाय! तानी तिचं नाव! आन ती काय त्याची पाळलेली हाय व्हय? त्याला खायला आलीया ती!"

"खायला?" नियाजभाई माईकवर म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. "मला वाटलं राखण करते."

"राखन मागून करती! आदी खायाचं असतं!" चारी बाजूंनी कल्ला झाला.

"बरं, तानी," नियाजभाई म्हणाले. "मग आता काय म्हणते ती?"

आणि मैदानाने सांगितलं. मागच्या रांगेतून बाप्ये, पुढच्या रांगेतून बायका, झाडावरून पोरं. "ती म्हंती, मर की रं लवकर मुडद्या, माजं पाय दुखाय लागलं!" नियाजभाईंनी ते माईकवर म्हटलं, शब्द न् शब्द, सातबारा वाचावा तशा आवाजात. लोक हसून लोळले. "आन भिमा म्हंतो, आजी, तुला थंडी वाजत न्हाई का?" नियाजभाईंनी तेही म्हटलं. पुढचं वाक्य मैदानातून आधी आलं, मग माईकवरून. पुढचं दोन्हीकडून एकदम. लांडगे आले तेव्हा तर नियाजभाईंसाठी कुणी थांबलंच नाही.

छबूबाई गर्दीच्या पाठीमागं उभ्या राहिल्या. सुरुवातीला खरं सांगायचं तर काळजात बारीकशी कळ आली. आपल्यावाचून काही अडत नाही, हे डोळ्यांनी बघणं कुणाला आवडतं? पण ती कळ फार टिकली नाही. कारण लोक बोलत होते ते सगळं त्यांचं होतं. त्यांनी कुठल्या वर्षी कुठली शिवी घातली, कुठल्या वर्षी ती बदलली, कुठं त्यांना ठसका लागला होता, तेसुद्धा लोकांनी सोडलं नाही, पोरं त्या जागी मुद्दाम ठसकली. ज्या बायका पहिल्या वर्षी पोटुशा होत्या त्यांची पोरं झाडावर बसून भिमा बोलत होती. आपण चौदा वर्षं घसा फोडून वाऱ्यावर सोडलेला एकेक शब्द या लोकांनी जपून ठेवला होता, आणि आपल्याला वाटत होतं तो त्या गाठीबरोबर गेला. छबूबाईंना रडू आलं. देवा, किती दिलंस, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि घेतलेल्याबद्दलची तक्रार त्या वेळेपुरती तरी आठवेना.

मग नदी आली.

पिक्चरमध्ये शेवटी एक गोठलेली नदी आहे. पलीकडे भिमाचा कळप उभा असतो. भिमाला जायचं असतं आणि तानीला जाता येत नाही. तरसाला बघितलं तर हत्ती तिला तुडवतील. दोघं काठावर उभी राहून एकमेकांकडे बघतात. खऱ्या पिक्चरमध्ये तिथं कुणीही काही बोलत नाही, नुसता वारा वाहतो. नियाजभाईंनी पडद्याकडे बघितलं. कुणाचं तोंड हलत नव्हतं, म्हणून तेही गप्प राहिले. मैदानही गप्प झालं. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"बोला की," लंकाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"इथं कुणी बोलत नाही," नियाजभाई म्हणाले.

"आसं कसं? भिमा बोलतो की. भिमा तिला इचारतो, तानी, तू जेवलीस का?"

नियाजभाईंचा माईक धरलेला हात खाली आला.

हे वाक्य त्या पिक्चरमध्ये कुठल्याच भाषेत नव्हतं. बजरंगराव गेले तेव्हा चौदाव्या दिवसापर्यंत घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. सगळ्यांनी विचारलं, कसं झालं, आता पुढं काय, टेम्पो कुणाला देणार. पंधराव्या दिवशी नियाजभाई भिंगारहून एसटीने आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. त्यांना सांत्वनाचं काही बोलता येईना, तेव्हा ते म्हणाले, "भाभी, जेवलात का?" दोन आठवड्यांत तो प्रश्न कुणी विचारला नव्हता. छबूबाई खोटंच म्हणाल्या, जेवले. नियाजभाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, टेम्पोतला स्टोव्ह काढून अंगणात पेटवला आणि खिचडी टाकली. त्याच हंगामात नदीच्या काठावर भिमा पहिल्यांदा बोलला. ज्याला खायला ती आली होती तोच तिला विचारायला लागला. कुठून आलं हे वाक्य, ते छबूबाईंनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि ज्याचं होतं तो देवळामागं बल्ब बघत बसलेला असायचा.

"म्हना ना वो," पोरं ओरडली. "तानी, तू जेवलीस का!"

नियाजभाईंनी गर्दीवरून नजर फिरवली. अगदी मागं, पाटी छातीशी धरून उभ्या असलेल्या छबूबाई त्यांना दिसल्या. त्यांनी माईक वर केला. भिमाचा आवाज काढायचा त्यांनी प्रयत्नच केला नाही.

"भाभी," ते म्हणाले, "जेवलात का?"

"भाभी न्हाई, तानी म्हना!" कुणीतरी हसलं. पण बायकांनी वाट बघितली नाही, त्यांना पुढचं पाठ होतं. सगळ्या मैदानातून एकदम तानीचं उत्तर आलं, "जेवले रं राजा, पोट भरून जेवले. तू जा आता."

छबूबाईंनी मात्र डॉक्टरांचं ऐकलं, तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी नियाजभाईंकडे बघून मान हलवली, नाही जेवले.

नियाजभाईंनी माईक लंकाबाईंच्या हातात दिला आणि ते स्टोव्ह काढायला टेम्पोकडे निघाले. पिक्चर अजून दहा मिनिटांचा राहिला होता, तो वाडीने बोलून पुरा केला.